एकच मालिका, तीन रूपे: अमेरिकेच्या स्थानिक केंद्रांवरील ‘डॉक्टर हू’

दूरचित्रवाणी मालिकेची समीक्षा करायची म्हटली की आपण लेखक, दिग्दर्शक आणि नट यांच्याकडे पाहतो. ती मालिका कोणत्या केंद्राने, किती वाजता आणि किती कापून दाखवली, हा मात्र तांत्रिक तपशील म्हणून सोडून देतो. या पाठात तोच तपशील हाती घेऊ. उदाहरण आहे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचे. अमेरिकेतील स्थानिक केंद्रांनी ती ज्या पद्धतींनी दाखवली, त्यांमुळे प्रेक्षकासमोर वेगवेगळ्या कलाकृती उभ्या राहिल्या, असे माझे प्रतिपादन आहे. ते पटते का, हे पुढील मुद्दे वाचून तुम्हीच ठरवा.

१. मूळ घडण

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाली. वेळ शनिवारी संध्याकाळची आणि प्रेक्षक म्हणजे सारे कुटुंब. एक भाग सुमारे २५ मिनिटांचा, आणि एक कथा बहुधा चार किंवा सहा भागांची. प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी जिवावरच्या संकटात सापडते आणि शीर्षकसंगीत सुरू होते. पुढच्या शनिवारी त्याच प्रसंगाची थोडी उजळणी होऊन कथा पुढे सरकते. मधले सात दिवस पडद्यावर दिसत नाहीत, पण ते लेखकाच्या हिशेबात धरलेले असतात.

२. अमेरिकेतील व्यवस्था

अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीचे जाळे, म्हणजे पीबीएस, १९७० मध्ये सुरू झाले. आपल्याकडे १९८२ पासून दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम दिल्लीहून देशभर एकाच वेळी दिसू लागला. पीबीएसची रचना याच्या उलट. सदस्य केंद्रे स्वतंत्र होती. बाहेरून कोणते कार्यक्रम विकत घ्यायचे आणि केव्हा लावायचे, हे केंद्र स्वतः ठरवी. खर्चाचा मोठा वाटा प्रेक्षकांच्या देणग्यांतून येई.

‘डॉक्टर हू’ तेथे दोन टप्प्यांत पोचली. १९७२ मध्ये टाइम-लाइफ या वितरकाने जॉन पर्टवी यांच्या कथा विकायला काढल्या; त्यांना फारसे यश आले नाही. १९७८ मध्ये त्याच वितरकाने टॉम बेकर यांच्या पहिल्या चार हंगामांचे ९८ भाग आणले आणि मालिका रुजली. परिणाम असा, की ब्रिटिश प्रेक्षकाला बेकर हे चौथे डॉक्टर, तर असंख्य अमेरिकन प्रेक्षकांना ते पहिलेच. ब्रिटनमध्ये नटबदल म्हणजे एका पर्वाचा शेवट असे. अमेरिकेत भागांचा संच संपला की केंद्र तो पुन्हा पहिल्यापासून लावू शके, आणि काल निरोप घेतलेला नायक आज ताजातवाना परत येई. पात्राच्या बदलण्यावरच उभ्या असलेल्या मालिकेत हा फरक किरकोळ नाही.

३. तीन रूपे

पहिले रूप वितरकाने घडवलेले. जाहिरातींना जागा हवी म्हणून टाइम-लाइफने प्रत्येक भागातून सुमारे तीन मिनिटे कापली आणि हॉवर्ड दा सिल्वा या अमेरिकन अभिनेत्याच्या आवाजात निवेदन जोडले. आधी काय घडले आणि पुढे काय घडणार, हे तो आवाज सांगे. मध्येच मालिका पाहू लागलेल्याची यामुळे सोय झाली, हे मान्य करू. पण संकटाच्या क्षणी थांबणे आणि त्या क्षणानंतर लगेच कोणीतरी पुढचे सांगू लागणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात प्रेक्षकावर विश्वास आहे. दुसऱ्यात तो निघून जाईल ही धास्ती आहे.

दुसरे रूप अखंड चित्रपटाचे. १९८० च्या दशकात एका कथेचे सगळे भाग सलग जोडलेली आवृत्ती अनेक सार्वजनिक केंद्रांवर दिसू लागली. मधली शीर्षके, श्रेयनामावली आणि उजळणी गाळलेली असे. शिकागोचे डब्ल्यूटीटीडब्ल्यू हे केंद्र रविवारी रात्री अशी संपूर्ण कथा दाखवी.

तिसरे रूप मूळ भागांचे. जाहिराती नसल्याने २५ मिनिटांचा भाग सार्वजनिक केंद्राच्या अर्ध्या तासात न कापता बसे. पण तो रोज एक असा लावला, की आठवड्याची वाट एका दिवसावर येई.

४. एक कथा तपासू

१९७५ मधील ‘जेनेसिस ऑफ द डेलेक्स’ ही टेरी नेशन यांची सहा भागांची कथा घ्या. दुसऱ्या भागाच्या शेवटी सारा जेन अग्निबाणाभोवतीच्या उंच परातीवरून निसटते आणि चित्र गोठते. तिसऱ्या भागात कळते, की ती थोडे खाली असलेल्या फळीवर पडली आहे. आठवडाभर थांबलेल्या प्रेक्षकाला ही फसवणूक वाटेल, पण तिच्यात खेळाची गंमत आहे. चित्र जिथे गोठते, तिथे आपली कल्पना धावू लागते. सलग आवृत्तीत मात्र ती पडते आणि लगेच फळीवर असते. फसवणूकही गेली आणि भीतीही.

आता उलट बाजू पाहा. सहा भागांच्या कथेत पकडले जाणे, सुटणे आणि पुन्हा पकडले जाणे वारंवार येते, कारण प्रत्येक २५ मिनिटांनी एक कडा गाठायचा असतो. दोन तासांहून अधिक वेळ सलग पाहताना हे कंटाळवाणे होते आणि दोष लेखकाच्या माथी बसतो. तो दोष जोडणीचा आहे. चार भागांच्या कथांना मात्र हेच रूप मानवते. सुमारे दीड तासाची, एका जागी कोंडलेली भयकथा सलग पाहिली, तर तिचे वातावरण अधिक गडद होते. म्हणून ‘कापाकापी वाईट’ असा सरसकट निकाल देऊ नका. कोणत्या कथेचे काय झाले, ते पाहा.

५. वेळ आणि प्रेक्षक

शनिवार संध्याकाळची कौटुंबिक मालिका रविवारी रात्री अकराला लागली, की समोर मुले उरत नाहीत. मोठी माणसे आणि महाविद्यालयीन विद्यार्थी उरतात. या प्रेक्षकाने मालिका गांभीर्याने घेतली आणि देणग्यांच्या मोहिमांत केंद्रांना पैसाही दिला. केंद्र आणि प्रेक्षक यांच्यातील हे नाते ब्रिटनमध्ये नव्हते. तेथे सर्वांनाच परवाना-शुल्क भरावे लागे. एक घटना बोलकी आहे. विसाव्या वर्धापनदिनाची ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ ही विशेष कथा अमेरिकेतील काही केंद्रांनी २३ नोव्हेंबर १९८३ रोजीच दाखवली. बीबीसीवर ती २५ नोव्हेंबरला आली.

२२ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शिकागोत ‘हॉरर ऑफ फँग रॉक’ चालू असताना सुमारे दीड मिनिट मुखवटा घातलेला एक माणूस पडद्यावर आला. कोणीतरी स्टुडिओकडून उंच इमारतीवरील प्रक्षेपकाकडे जाणाऱ्या सूक्ष्मतरंग दुव्यावर अधिक जोरदार संकेत सोडला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. गुन्हेगार सापडला नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे, की ‘प्रक्षेपण’ ही हवेतली कल्पना नाही. ती उपकरणांची साखळी आहे आणि प्रत्येक कडीपाशी मजकूर बदलू शकतो.

६. नक्कलने मूळ वाचवले

बीबीसीने जुन्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या. पर्टवी यांच्या काही कथांच्या फक्त कृष्णधवल फिल्म-प्रती उरल्या. १९७१ मधील ‘द डीमन्स’ या कथेच्या बहुतेक भागांची हीच गत होती. पण अमेरिकेतील एका चाहत्याने स्थानिक केंद्रावरून ती घरच्या यंत्रावर रंगीत ध्वनिचित्रमुद्रित केली होती. १९९२ मध्ये तंत्रज्ञांनी फिल्ममधून उजळपणा व बारकावे घेतले, घरगुती मुद्रणातून रंग घेतला आणि दोन्ही एकत्र केले. रंगातील धूसरपणा आपल्या डोळ्याला उजळपणातील धूसरपणाइतका खटकत नाही, म्हणून हे जमले.

याचा अर्थ नीट पाहा. मूळ संस्थेने जे टाकून दिले, ते ग्राहक केंद्राने दाखवले आणि प्रेक्षकाने जपले. आज त्या कथेचा जो रंगीत अवतार आपण ‘मूळ’ म्हणून पाहतो, त्यात त्या स्थानिक प्रक्षेपणाचा अंश आहे.

निष्कर्ष

कापणे, जोडणे, निवेदन घालणे आणि वेळ ठरवणे हे चारही निर्णय व्यवहारातून आले, पण त्यांचा परिणाम सौंदर्यावर झाला. म्हणून कोणत्याही मालिकेवर मत देण्यापूर्वी स्वतःला विचारा: मी कोणती आवृत्ती पाहिली? ती कोणी बनवली आणि कशासाठी? एवढे न विचारता दिलेले मत कलाकृतीवरचे नसते; ते तिच्या वेष्टनावरचे असते.

विचारासाठी प्रश्न

१. सारे भाग एकदम उपलब्ध असतात, तेव्हा भागाच्या शेवटच्या संकटाला कोणता अर्थ उरतो?
२. तुमच्या भाषेत अनुवादित होऊन आलेली एखादी परदेशी मालिका निवडा. तिच्यात वितरकाने केलेले बदल शोधा आणि प्रत्येकाचा लाभ व हानी लिहा.
३. प्रेक्षकाने घरी केलेल्या मुद्रणाला संग्रहालयात स्थान द्यावे का? कारणे द्या.