मंठा, २८ बाइट

अपाची अ‍ॅक्सिस १.४ हे जावातलं सोप (एक्सएमएल निरोपांवर चालणाऱ्या वेब सर्व्हिसचं) टूलकिट २००६चं, म्हणजे आता म्हातारंच. पण त्याच्या कारागिरीतली खरी गंमत कोडमध्ये नाही, तारेवरून जाणाऱ्या मजकुरात आहे.

समजा, एक साधा क्लास लिहिला: गावाचं नाव घ्यायचं, तिथल्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव परत द्यायचा. फाइलीचं ‘.जावा’ हे शेपूट काढून ‘.जेडब्ल्यूएस’ लावलं आणि ती अ‍ॅक्सिसच्या फोल्डरात टाकली, की झाली सर्व्हिस तयार. कंपाइल तेच करतं. पत्त्यामागे प्रश्नचिन्ह लावून डब्ल्यूएसडीएल मागितलं तर सर्व्हिसचा करारनामाही लिहून देतं. इतकं आयतं मिळालं की मला संशयच येतो. म्हणून मध्ये टीसीपीमॉन हा येणारा-जाणारा मजकूर दाखवणारा पहारेकरी बसवायचा: वर विनंती, खाली उत्तर.

आता जालना जिल्ह्यातलं ‘मंठा’ पाठवून बघा. एन्व्हलप, आत बॉडी, बॉडीत आपल्या मेथडचा टॅग... आणि मंठा कुठेच नाही! त्या जागी चार युनिकोड क्रमांक: ९२ई, ९०२, ९२०, ९३ई. म, अनुस्वार, ठ, काना. प्रत्येकाच्या पुढे अँड, हॅश, एक्स, मागे अर्धविराम. यूटीएफ-८मध्ये १२ बाइटांत मावणारं गाव २८ बाइटांचं झालं. उधळपट्टी आहेच. पण वाटेतल्या एखाद्या जुनाट सर्व्हरला आस्कीपलीकडचं काही कळत नसलं, तरी अनुस्वार गळत नाही. पलीकडचा एक्सएमएल पार्सर अख्खं मंठा हातात देतो.

मेथडच्या आतल्या, गावाच्या नावाच्या टॅगवर ‘ही स्ट्रिंग आहे’ अशी चिठ्ठीही डकवलेली असते. करारात प्रकार लिहिलेला असताना हे कशाला? प्रकार असे डकवणारी ही सोप एन्कोडिंगची पद्धत डब्ल्यूएस-आय या वेब सर्व्हिसची मानकं जुळवणाऱ्या संस्थेच्या बेसिक प्रोफाइलने २००४मध्ये बाद ठरवली, ते बरंच झालं. जेडब्ल्यूएसची सोयही इथवरच. मनासारखी मांडणी हवी तर डब्ल्यूएसडीडी, म्हणजे सर्व्हिसच्या मांडणीची फाइल, लिहायला बसावंच लागतं.

ते लिहिलं की हँडलरांची साखळी हाती येते, आणि अ‍ॅक्सिसचं खरं देखणेपण तिथे आहे. विनंती आधी ट्रान्सपोर्टच्या, मग सर्वसाधारण, मग त्या सर्व्हिसच्या हँडलरांतून जाते आणि शेवटी आपल्या मेथडला भेटते. नोंद ठेवायची, ओळख तपासायची, तर क्लासची एक ओळही हलवायची नाही. हेडरवर ‘मस्टअंडरस्टँड’ १ असेल आणि ते कोणत्याच हँडलरला उमगलं नाही, तर अ‍ॅक्सिस सरळ फॉल्ट पाठवतं. याउलट हल्लीच्या जेसॉन सर्व्हिसमध्ये अनोळखी फील्ड बहुधा गुपचूप गाळलं जातं.