पाहुणी थंडी आणि मुक्कामाची थंडी : नोएडातील हिवाळा व मराठी ऋतुसंवेदना

मराठी साहित्यातील ऋतुवर्णनाचा विचार बहुधा पावसापासून सुरू होतो आणि पुष्कळदा पावसापाशीच संपतो. ज्या प्रदेशाचे पोट मोसमी पावसावर अवलंबून, त्याच्या वाङ्मयात मेघांचे माहात्म्य असणे स्वाभाविकच आहे. हिवाळा मात्र तेथे दोन श्रमांमधल्या विसाव्यासारखा वावरतो. त्यामुळे थंडीविषयी मराठीत जी भाषा घडली ती प्रामुख्याने लाडाची भाषा आहे. ‘गुलाबी थंडी’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्यातील विशेषणाकडे कोणाचे लक्षही जात नाही. थंडी येते, चार दिवस राहते, हुरडा, गोधडी आणि शेकोटी यांची आठवण मागे ठेवून निघून जाते. ती पाहुणी आहे, आणि पाहुण्याचे कौतुकच करायचे असते. ‘गारठा’, ‘हुडहुडी’, ‘काकडणे’ हे शब्द भाषेत आहेत. परंतु ते बोलण्यात अधिक, ललित लेखनात कमी. निफाडच्या द्राक्षबागेत पहाटे धूर करीत बसलेल्या बागायतदाराला थंडी गुलाबी दिसत नाही, हे वर्तमानपत्राच्या बातमीत येते, कवितेत क्वचितच.

ही लाडाची भाषा घेऊन मराठी माणूस जेव्हा उत्तरेत स्थायिक होतो तेव्हा तिचे काय होते, हा प्रश्न बृहन्महाराष्ट्राच्या साहित्यविचारात फारसा विचारला गेलेला नाही. नोएडा हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे. यमुना आणि हिंडन या नद्यांच्या दरम्यान, शेतजमिनींवर, १९७६ साली औद्योगिक वसाहत म्हणून हे शहर वसू लागले. दिल्लीतील मराठी वस्तीला पहाडगंजसारख्या जुन्या मोहल्ल्यांचा आणि सरकारी निवासांचा इतिहास आहे. नोएडातील मराठी कुटुंबांना तसा इतिहास नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, वृत्तवाहिन्यांत किंवा माहिती तंत्रज्ञानात काम करणारे असे हे लोक सेक्टरांच्या क्रमांकांत विखुरलेले आहेत. त्यांना एकत्र आणणाऱ्या प्रसंगांपैकी गणेशोत्सव एक. आणि दुसरा, ज्याची सांस्कृतिक चर्चा होत नाही तो, हिवाळा.

या हिवाळ्याचे स्वरूप नेमके समजून घेतले पाहिजे, कारण सगळा गैरसमज किमान तापमानाच्या आकड्यात दडलेला आहे. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांखाली जातो, तेव्हा ‘दिल्लीसारखी थंडी’ असे मथळे येतात. परंतु महाराष्ट्राची थंडी ही मूलतः रात्रीची थंडी आहे. पहाटे कितीही गारठा असो, दुपारी ऊन तापते. पुण्यात जानेवारीच्या दुपारी पारा तिसाच्या आसपास असतो. दिल्ली परिसरात जानेवारीचे सरासरी कमाल तापमानच सुमारे वीस अंश आहे, आणि धुके बसले की तेही गाठले जात नाही. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंश नोंदले गेले, त्याची चर्चा झाली. परंतु अंगावर आलेला खरा दिवस ३० डिसेंबर २०१९ चा, ज्या दिवशी कमाल तापमान ९.४ अंशांच्या पुढे गेले नाही. हवामान खाते ‘शीतलहर’ आणि ‘शीत दिवस’ असा भेद करते तो याचसाठी. मराठी ऋतुभाषेला पहिली ठाऊक आहे. दुसऱ्यासाठी तिच्याजवळ शब्द नाही.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे मराठी ऋतुसंवेदनेचे सर्वांत समृद्ध गद्य. बारा महिन्यांच्या क्रमाने निसर्ग पाहणाऱ्या या ग्रंथाने मराठी वाचकाला झाडाकडे पाहायला शिकवले. तो ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी पश्चिम महाराष्ट्राची, आणि हा त्याचा दोष नव्हे, बळ आहे. दोष आहे तो नंतरच्या वाचकांचा व लेखकांचा, ज्यांनी एका भूमीचे निरीक्षण हे सर्व मराठी माणसांचे कायमचे पंचांग मानले. बा. सी. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘शिशिरागम’ (१९३९). या नावातला शिशिर संस्कृत ऋतुगणनेतून आणि इंग्रजी काव्याच्या सहवासातून आलेला, पानगळीचा व विषादाचा ऋतू आहे. पुढे मर्ढेकरांनी मुंबईच्या माघातील पहाट ज्या तऱ्हेने पाहिली ती मराठी कवितेतील एक घटना ठरली. आकाशवाणीच्या नोकरीत असलेल्या या कवीचा मृत्यू २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत झाला. परंतु त्यांच्या लौकिकात राहिली ती मुंबईचीच पहाट. योगायोग असा की दिल्ली परिसरात शिशिर आणि पानगळ यांची सांगड नीटशी बसतच नाही. रस्त्याकडेचा कडुनिंब ऐन थंडीत हिरवा असतो आणि त्याची पाने झडतात ती थंडी ओसरल्यावर, फाल्गुन-चैत्रात. झाड पाहून लिहिणाऱ्याला येथे आपली ऋतुपरंपरा दुरुस्त करावी लागेल.

उत्तरेच्या थंडीची मराठी मनातील दुसरी प्रतिमा इतिहासाने दिली आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीपासून मराठी सैन्य आणि त्याच्याबरोबरचा बुणगा पानिपतावर अडकून पडला. थंडी आणि उपासमार यांनी लढाईच्या आधीच त्याला खचवले. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथापासून विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीपर्यंत या घटनेचे जे पुनर्लेखन झाले, त्यातून उत्तरेचा हिवाळा म्हणजे आपत्ती हे समीकरण पक्के झाले. त्याला संक्रांतीची जोड मिळाली. येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. १४ जानेवारी १७६१ हा दिवस आजच्या पंचांगाकडे पाहून संक्रांतीचा मानला जातो. परंतु संक्रमणाची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकते आणि त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येत असे. संक्रांतीच्या दिवशी पडले ते दत्ताजी शिंदे, एक वर्ष आधी, १० जानेवारी १७६० रोजी, बुराडी घाटावर, यमुनेच्या काठी. त्याच नदीच्या खालच्या अंगाला आज नोएडा आहे. तेथील गोल्फ मैदानात ११ सप्टेंबर १८०३ च्या, शिंद्यांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या लढाईचे स्मारक उभे आहे. मराठी माणसाला येथे इतिहास पायाखाली सापडतो, पण तो हरल्याचा. रोजच्या जगण्याची, चुलीची, पांघरुणाची उत्तर त्या लेखनात येत नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते.

तिसरी प्रतिमा प्रवासवर्णनांची. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाच्या नावातच धुके आहे, पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) विलायतेचे हवामान विनोदाच्या कक्षेत आणले. या लेखनातून मराठी वाचकाने थंड प्रदेशात सुखाने राहण्याचे एक चित्र मनाशी बांधले. त्या चित्रात बाहेर बर्फ असतो, आत ऊब असते; खिडकीच्या काचेमागे माणूस सुरक्षित असतो. हिवाळा हा घरात शिरण्याचा ऋतू ठरतो. नोएडाच्या हिवाळ्याला हे चित्र लावले की ते चक्क उलटे पडते, आणि मराठी समीक्षेने लक्षात घ्यायला हवे ते हेच.

उत्तरेच्या मैदानातील घर उन्हाळ्यासाठी बांधलेले असते. गार लादी, छताला पंखे, घर तापवण्याची कायमची सोय नाही. डिसेंबरअखेर अशा घराच्या भिंती रात्रीचा गारठा दिवसभर धरून ठेवतात. दुपारी एक वाजता घरात शालीवर शाल घेऊन कुडकुडणारी बाई पायऱ्या उतरून अंगणात आली की शाल काढते. ऊब बाहेर आहे, थंडी आत. म्हणून येथला हिवाळा माणसांना कोंडत नाही, बाहेर काढतो. मटार सोलणे, गाजरे किसणे, लोकर विणणे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची झोप ही सगळी कामे उन्हात येतात. गच्चीवर रजया वाळत पडतात. रेवडी, गजक, भाजलेली रताळी, भुईमुगाच्या शेंगा हे पदार्थ हातात धरून, उभ्याने, लोकांत खायचे आहेत. उन्हाळ्यात एकमेकांची तोंडे न पाहणारे शेजारी पौषात ओळखीचे होतात. दिल्ली परिसरातील थंडीचा आनंद हा थंडीचा नसून उन्हाचा आनंद आहे, आणि तो एकट्याने घेता येत नाही.

मराठी घरांनी हे आत्मसात केले आहे, त्यांची भाषा मात्र मागे राहिली आहे. ‘कोवळे ऊन’ हा शब्द महाराष्ट्रात सकाळचा आहे. नोएडात धुके उठता उठता अकरा-बारा वाजतात. तेव्हा पडते ते ऊन कोवळे, आणि चार वाजता ते संपलेलेही असते. धुंधुरमासात सूर्योदयाच्या वेळी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी खाण्याची चाल ज्या सूर्यावर विसंबून आहे तो सूर्य येथे त्या वेळी दिसत नाही. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी लोहडीच्या होळीशेजारी येते. आसपासची मंडळी संक्रांतीलाच ‘खिचडी’ म्हणतात. संक्रांतीचे काळे वस्त्र, जे मुंबईत केवळ संकेत म्हणून नेसले जाते, त्याला येथे ऊब धरण्याचा अर्थ परत मिळतो. दक्षिण दिशा यमाची म्हणून दक्षिणेकडचे दार टाळणारा माणूस येथे खोली घेताना दक्षिणेकडची मागतो, कारण हिवाळ्यातला सूर्य तिकडूनच येतो. इतका ऐवज उंबरठ्याशी पडलेला असताना मंडळांच्या स्मरणिकांतून ‘गुलाबी थंडी’च पुन्हा पुन्हा यावी, याला प्रतिभेचे दारिद्र्य म्हणण्यापेक्षा सवयीचे वर्चस्व म्हणणे योग्य होईल.

परंतु या आनंदाची वाटणी समान नाही. तो नुसता टिपणारे लेखन ‘गुलाबी थंडी’ची जागा ‘सोनेरी उन्हा’ने भरून काढील, इतकेच. नोएडाच्या आरंभीच्या सेक्टरांत दुमजली-तिमजली घरे, गच्च्या आणि बागा आहेत. नंतरचे शहर मनोऱ्यांचे आहे. नोएडाच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर सूर्य भर माध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ३८ अंशच वर असतो. म्हणजे इमारतीची सावली तिच्या उंचीच्या सव्वापटीहून किंचित अधिक पडते. पंचाहत्तर मीटरांच्या मनोऱ्याची सावली दुपारी बारालाही पंचाण्णव मीटर लांब असते, सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी अधिक. मुंबईत त्याच वेळी ती इमारतीच्या उंचीपेक्षा थोडी कमीच भरते, आणि तेथे तिचे कोणाला दुःखही नसते. नोएडात खालच्या मजल्यावरच्या उत्तराभिमुख घराचा पौष उन्हाशिवाय जाऊ शकतो. सेक्टर ९३-अ मधील सुमारे शंभर मीटर उंचीचे दोन मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटाने पाडण्यात आले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालानुसार. शेजारच्या इमारतीपासून किमान १६ मीटर अंतर सोडण्याचा नियम तेथे मोडला होता, हे त्या निकालातील एक महत्त्वाचे कारण. देशभर ती धुळीच्या लोटाची दृश्ये पाहिली गेली. त्या अंतराच्या नियमात शेजाऱ्याच्या वाट्याचा उजेड आणि हवा राखलेली असते, ही गोष्ट दृश्यात दिसत नाही. ती सांगणे हे साहित्याचे काम होते.

हिंदी साहित्याने ही बाजू फार पूर्वी हाताळली. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’ (१९३०) या कथेतील हल्कू कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये देणेकऱ्याला देऊन टाकतो आणि कांबळ्यावाचून शेताची राखण करतो. आमराईतील पाने जाळून तो शेकत बसतो तेव्हा त्या उबेचा त्याला निखळ आनंद होतो. आणि त्या उबेतून उठवत नाही म्हणून नीलगायी पीक फस्त करतात. सकाळी बायको हळहळते. हल्कूला मात्र आता थंडीत शेतावर झोपावे लागणार नाही याचेच समाधान वाटते. थंडीतील सुख आणि थंडीने केलेला नाश प्रेमचंदांनी एकाच शेकोटीपाशी बसवले. मराठीत दारिद्र्याचे समर्थ चित्रण आहे, ऋतूचेही आहे. परंतु ही दोन दालने बहुधा वेगळी ठेवली गेली. दलित आणि ग्रामीण साहित्याने हिवाळ्यातील वाकळ व तिच्या ठिगळांचा अनुभव मांडला, तेव्हा समीक्षेने त्याची नोंद सामाजिक वास्तव म्हणून घेतली; ऋतुवर्णन म्हणून तो अनुभव वाचला गेला नाही. चूक लेखकांची कमी, वर्गीकरण करणाऱ्यांची अधिक.

नोएडातील प्रत्येक गृहसंकुलाच्या फाटकाशी एक हल्कू बसलेला असतो. जानेवारी २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या, राजधानी परिसरातील प्रदूषणविषयक श्रेणीबद्ध कृती आराखड्यात उघड्यावर काही जाळण्यास मनाई आहे आणि रहिवासी संघांनी रखवालदारांना विजेवरचे हीटर पुरवावेत, म्हणजे ते शेकोट्या पेटवणार नाहीत, अशी सूचना आहे. सूचना योग्यच आहे. त्या धुराने कोणाचे भले होत नाही. पण ‘शेकोटी’ हा मराठी हिवाळ्यातला सर्वांत प्रेमळ शब्द या शहरात नियमभंगाचे नाव झाला आहे. तो शब्द येथल्या मराठी लेखकाला पूर्वीच्या सहजतेने वापरता येणार नाही. अकराव्या मजल्यावरून खाली पाहताना धुक्यात जो लालसर ठिपका दिसतो, तो जळत्या काटक्यांचा की हीटरच्या तारेचा, हे त्याला जिना उतरून, फाटकापर्यंत जाऊनच लिहावे लागेल.