सई परांजपे यांची ‘दिशा’

श्रीमती सई परांजपे यांच्या उत्तरकालीन कृतींत ‘चष्मे बद्दूर’ (१९८१) व ‘कथा’ (१९८३) यांतील खेळकरपणा उरला नाही, असा आक्षेप घेण्यात येतो. आम्हांस तो मान्य नाही. ‘अडोस पडोस’, ‘छोटे बडे’ या दूरदर्शन-मालिकांत त्यांनी घरगुती जीवन न्याहाळले; ‘दिशा’त (१९९०) तीच मायाळू दृष्टि गिरणीकामगारांच्या कोंदट खोलीत शिरली. गाव सोडून मुंबईस जाणारे एकीकडे, आणि लोकांचा उपहास सोशीत वर्षानुवर्षे विहीर खणणारा परशुराम दुसरीकडे! त्याच्या हट्टास आपणही प्रथम हसतो. पाणी लागते तेव्हा त्या हसण्याची लाज वाटते. अंबड तालुक्यातील वडीगोद्रीसारख्या गावी ज्यांनी अवर्षण भोगिले आहे, त्यांस याचे मर्म सांगावयास नको. बाईंच्या विनोदाचा झरा खोल गेला, एवढेच.