‘एक घर’ : कार्ल व कारिन लार्सन यांच्या गृहकलेतील कर्तृत्वाचा प्रश्न

१

स्वीडिश चित्रकार कार्ल लार्सन (१८५३–१९१९) यांचे ‘एट् हेम्’ हे पुस्तक १८९९ मध्ये स्टॉकहोम येथे प्रसिद्ध झाले. डालार्ना प्रांतातील सुन्डबोर्न ह्या खेड्यात त्यांचे ‘लिला ह्युटनेस’ नावाचे लाकडी घर होते. त्या घरातील खोल्या, मुले, फुलझाडे, जेवणाची टेबले व सुट्टीचे दिवस यांची चोवीस जलरंगचित्रे आणि चित्रकाराने स्वतः लिहिलेला मजकूर असे ह्या पुस्तकाचे स्वरूप आहे. पुस्तकाचे नाव मराठीत ‘एक घर’ असे करता येईल. परंतु ते पुरेसे नाही. स्वीडिश भाषेत ‘हूस’ म्हणजे इमारत व ‘हेम्’ म्हणजे त्या इमारतीत नांदणारे कौटुंबिक जीवन असा भेद आहे. आपला ‘घर’ हा शब्द दोन्ही अर्थ वाहतो. केवळ दुसराच अर्थ अभिप्रेत असेल तर आपण ‘संसार’ म्हणतो. मात्र ‘संसार’ ह्या शब्दात दोन माणसे गृहीत असतात. एकट्याचे घर असू शकते, एकट्याचा संसार होत नाही.

हे संसाराचे चित्र एकाच्या नावावर कसे नोंदले गेले आणि त्या नोंदीत काय गळाले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पतिपत्नींपैकी दोघांचाही उल्लेख येथे प्रथमनामानेच केला आहे; कारण ‘लार्सन’ म्हटले की केवळ पतीचाच बोध व्हावा, हा संकेतच येथे तपासावयाचा आहे.

२

प्रथम काही तपशील ध्यानात घेतले पाहिजेत. कार्ल यांचा जन्म स्टॉकहोममधील अत्यंत दरिद्री कुटुंबात झाला. कारिन बेर्यो (१८५९–१९२८) ह्या एका संपन्न व्यापाऱ्याच्या कन्या. त्यांनी १८७७ ते १८८२ ह्या काळात स्टॉकहोमच्या कला अकादमीत रीतसर चित्रकलेचे शिक्षण घेतले व पुढे त्या फ्रान्सला गेल्या. पॅरिसजवळील ग्रे ह्या गावी स्कॅन्डिनेव्हियन कलावंतांची एक वसाहत होती. तेथे दोघांची भेट झाली आणि १८८३ मध्ये विवाह झाला. सुन्डबोर्नचे घर १८८८ मध्ये कारिन यांच्या वडिलांनी ह्या दांपत्यास दिले. प्रारंभी ते केवळ उन्हाळ्यापुरते होते. १९०१ पासून कुटुंबाचे वास्तव्य तेथे कायमचे झाले. आठ मुले झाली, त्यांपैकी एक तान्हेपणीच गेले. विवाहानंतर कारिन यांचा कुंचला हळूहळू थांबला. त्यांची कला माग, सुई आणि लाकडी सामानाचे आराखडे यांकडे वळली.

म्हणजे हे घर मुळात पत्नीच्या माहेरचे आहे. त्यातील पडदे, आच्छादने, उशा, गालिचे, मुलांचे कपडे, फुलझाडे ठेवण्याची मांडणी व कित्येक खुर्च्या ह्यांची कल्पना पत्नीची आहे. कार्ल यांनीही दारांवर व भिंतींवर चित्रे रंगविली, फर्निचरला रंग दिले, नवी कार्यशाळा जोडली. तेव्हा घर दोघांनी मिळून घडविले ह्याविषयी संशय नाही. पण पुस्तक एकाचे आहे.

३

ह्या घराच्या प्रवेशद्वारावर स्वागताचा एक लेख रंगविलेला आहे. ‘प्रिय तू, कार्ल लार्सन आणि त्याची पत्नी यांच्याकडे ये’ असा त्याचा आशय. भाषाभ्यासकाला ह्या लहानशा लेखात दोन गोष्टी जाणवतात. पहिली ही की, आगंतुकाला ‘डू’ म्हणजे ‘तू’ असे संबोधिले आहे. तत्कालीन स्वीडिश समाजात परक्या माणसास पदवी अथवा हुद्दा लावून संबोधण्याची चाल होती. ‘डू’ हे आप्त, मुले व जिवलग यांच्यापुरते राखलेले होते. सर्वांना सरसकट ‘डू’ म्हणण्याचा प्रघात पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पडला. दारावरचे हे घर मात्र येणाऱ्या प्रत्येकास आधीच ‘तू’ म्हणत होते. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्यास किती काळ आणि किती सहवास लागतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या आतिथ्याचे मोल सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अशी की, त्याच लेखात पतीचे नाव संपूर्ण आले आहे, पत्नीचे नाव मुळीच नाही; ती षष्ठीच्या आधाराने उभी आहे. ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, ‘तू’ व ‘पत्नी’ ह्या अर्थांचे स्वीडिश शब्द यमकात बसतात, आणि त्या गमतीसाठीच ही रचना झाली असावी. हा आक्षेप ग्राह्य आहे. तथापि यमकाची सोय जे स्वीकारते, ते समाजाच्या कानाला न खटकणारेच असते. जे खटकले असते ते यमकासाठीही लिहिले गेले नसते.

४

आता पुस्तकाच्या मजकुराकडे वळू. आपण कसे राहतो हे मिरविण्याचा आपला हेतू नाही. परंतु ही मांडणी आपण इतक्या समंजसपणे केली आहे की ती इतरांना उदाहरण म्हणून उपयोगी पडावी, असा विचार कार्ल यांनी, ‘उदाहरण’ हा शब्द उच्चारताना जरा अडखळल्याचे नाट्य करीत, मांडला आहे. हा मजकूर अत्यंत प्रसन्न, गप्पांच्या वळणाचा आहे. पण त्यातील कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी आहे.

मराठीत प्रथमपुरुषाच्या अनेकवचनाला दोन रूपे आहेत, हे येथे उपयोगी पडते. ‘आम्ही’ म्हणताना श्रोता वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. ‘एट् हेम्’मधील चित्रे पाहता त्यांचा पुरुष ‘आपण’ हा आहे : मोठ्या बर्चवृक्षाखाली मांडलेला नाश्ता, लहानग्यांची निजण्याची खोली, स्वयंपाकघरात लोणी काढण्याच्या भांड्यापाशी उभ्या मुली, ह्या सर्व चित्रांत प्रेक्षक घरातल्याच एखाद्या जागेवरून पाहतो. घर प्रत्यक्ष घडविणारा पुरुष ‘आम्ही’ हा आहे. निवेदनाचा पुरुष मात्र ‘मी’ आहे. चित्राचा ‘आपण’ आणि निवेदनाचा ‘मी’ यांच्यामध्ये जो ‘आम्ही’ हरवला, तीच ह्या पुस्तकाची मुख्य उणीव होय असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ती उणीव चित्रांत मात्र तितकीशी नाही. खिडकीतल्या फुलांचे प्रसिद्ध चित्र घ्यावे. एक मुलगी झाडांना पाणी घालीत आहे. आई तेथे दिसत नाही, पण तिचे अर्धे राहिलेले विणकाम टेबलावर आहे. ‘पडदा विणलेला आहे’ ह्या वाक्यात कर्ता उच्चारला नसला तरी धातुसाधिताच्या पोटात तो असतोच. कार्ल यांच्या कुंचल्याने ही खूण प्रामाणिकपणे टिपली. त्यांच्या लेखणीने तिचा विस्तार केला नाही. शिवाय ह्या चित्रांतील ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंगपट्टे, लाल-हिरव्याचा सरळ विरोध ही वैशिष्ट्ये घरातल्या विणलेल्या व भरलेल्या वस्त्रांशी इतकी जवळची आहेत की, चित्र हे वस्त्राचे भाषांतर आहे असे म्हणावयास हरकत नाही.

५

पुस्तकाच्या जर्मन अवताराने ह्या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. १९०९ मध्ये लांगेवीश ह्या प्रकाशकाने कार्ल यांच्या चित्रांची व लेखनाची एक स्वस्त आवृत्ती जर्मन भाषेत काढली. काही महिन्यांतच तिच्या हजारो प्रती खपल्या आणि कार्ल यांची कीर्ती सर्वत्र झाली. तिचे नाव ‘डास हाउस इन् डेर सोने’, म्हणजे ‘उन्हातले घर’. स्वीडिश नावातील अनिश्चित उपपद जाऊन येथे निश्चित उपपद आले. ‘हेम्’ जाऊन ‘हाउस’ आले. जर्मन भाषेत ‘हाइम’ हा सजातीय शब्द उपलब्ध असता हे घडले. ‘अनेकांपैकी एक संसार’ हा नम्र भाव संपला व ‘ते सुप्रसिद्ध घर’ हा भाव आला. उदाहरणाचा आदर्श झाला. आदर्शाला एकच कर्ता अधिक सोयीचा असतो, आणि तो तयार होताच.

६

ह्या चित्रांवर एक जुना आक्षेप आहे की ती गोड व म्हणून असत्य आहेत. थोरला मुलगा उल्फ १९०५ मध्ये अठराव्या वर्षी मृत्यू पावला. चित्रकार स्वतः विषण्णतेने ग्रासलेला असे. १९३१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात बालपणीच्या हालांचे कठोर वर्णन आहे. मग ही उन्हे खरी कशी, असे विचारले जाते.

ह्याचे उत्तर आख्यातांच्या अर्थविचारात सापडते. आक्षेपक ही चित्रे स्वार्थात वाचतात : ‘असे आहे’. वस्तुतः ती विध्यर्थात आहेत : ‘असे असावे’. ज्याच्या बालपणी घर म्हणावे असे काही नव्हते, त्याने मांडलेली ती इच्छा आहे. शिवाय ही इच्छा आंधळी नाही. मालिकेतील एका चित्रात पोन्टुस हा मुलगा शिक्षा म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसविलेला दिसतो. सर्व रंग प्रसन्न, खोली नीटनेटकी, आणि तिच्यात एक रुसलेले मूल. सुखी घरातही कोणाला तरी कोपऱ्यात बसावे लागते, हे चित्रकाराच्या दृष्टीतून निसटलेले नाही. निसटले ते एवढेच की विध्यर्थातील ‘असावे’ कोणाच्या रोजच्या श्रमांवर उभे असते.

कारिन यांची वस्त्रे ह्या दृष्टीने स्वतंत्रपणे वाचली पाहिजेत. त्यांनी पुस्तक लिहिले नाही. भोजनगृहासाठी त्यांनी १९०३ मध्ये विणलेले ‘चार महाभूते’ हे भित्तिवस्त्र आणि शयनगृहाच्या दारातील ‘प्रेमाचे गुलाब’ हा पडदा पाहिल्यास असे दिसते की, त्यांच्या कलेला गोडपणाचा आक्षेप लागू पडत नाही. तेथे आकृती मोडून केवळ रेषा व रंग यांचे संयोजन केले आहे. पतीच्या चित्रांपेक्षा ही वस्त्रे अधिक धीट आहेत. चित्रे घराचे वर्णन करतात. वस्त्रे घरात राहून कोणाचेच वर्णन करीत नाहीत. म्हणूनच त्यांची दखल उशिरा घेतली गेली. १९९७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने भरविलेल्या प्रदर्शनाच्या शीर्षकात दोघांची नावे ‘आणि’ ह्या अव्ययाने जोडून आली व दोघांनाही ‘निर्माते’ म्हटले गेले. दारावरच्या लेखातही ‘आणि’ होतेच. फरक एवढाच की आता त्यापुढे विशेषनाम आले.

७

ह्यावरून कार्ल यांनी पत्नीचे श्रेय हिरावले, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो घाईचा होईल. त्यांची चित्रे नसती तर सुन्डबोर्नबाहेर त्या घराचा पत्ता कोणास लागला नसता, आणि कारिन यांची कला जाणून घ्यावयाचे पहिले साधन आजही तीच चित्रे आहेत. साक्षीदार प्रामाणिक आहे. साक्ष नोंदविणाऱ्यांनी तिच्यातील अर्धी वाक्येच लिहून घेतली.

तेव्हा दुरुस्ती वाचकांनी व अभ्यासकांनी करावयाची आहे. मराठीच्या कर्मणि रचनेत क्रियापद कर्मामागे जाते आणि तृतीयान्त कर्ता सहज गाळता येतो : ‘गोधडी शिवली’, ‘रुखवत मांडले’, ‘ओवी रचली’. आपल्या घरगुती कलांच्या नोंदी बहुधा अशाच वाक्यांत झाल्या आहेत, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे काही गाळले आहे ह्याची शंकाही येत नाही. कर्ता जेथे खरोखर अज्ञात आहे तेथे उपाय नाही. परंतु ज्या घरात विचारण्यास अजून माणूस आहे, तेथे नोंद करणाऱ्याने ‘कोणी?’ हा प्रश्न विचारल्याविना वाक्य पुरे करू नये. सुन्डबोर्नच्या घरात हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर ‘कारिन’ हे नाव प्रदर्शनाच्या शीर्षकात येण्यासाठी पुस्तकानंतर सुमारे शंभर वर्षे लागली नसती.