नाण्यावरची हनुवटी

रोमन सम्राटांची सोन्याची नाणी बघून त्यांचे आजार सांगणारे लेख आणि रील्स मला वरचेवर दिसतात. लाडका रुग्ण नीरो. इ.स. ५४ मध्ये गादीवर आलेला कोवळा पोरगा, दहा वर्षांत दुहेरी हनुवटी आणि बैलासारखी मान. मग निदान सुरू: अतिखाणं, ग्रंथींचा विकार. वाचायला मजा येते, पण पटत नाही. चौकातल्या फ्लेक्सवरून साहेबांची शुगर सांगण्यातला हा प्रकार आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. नाव सगळीकडे एकाचंच, चेहरे मात्र नाना तऱ्हेचे. कुठे तरणा, कुठे म्हातारा, नाकाची ठेवणही वेगवेगळी. एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली. एका माणसात एवढा फरक त्यांना अशक्य वाटला, म्हणून हे घराण्यातले वेगवेगळे लोक असावेत असं त्यांनी सुचवलं. मला साधं कारण जवळचं वाटतं: ठसे अनेक, कोरणारे हात अनेक. शिवाय यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला. नहपानाच्या गालावर चैत्य उमटला. करा आता निदान!

नीरोचं थोडं वेगळं आहे, हे मान्य. त्याचा चेहरा क्रमाने जाड होत जातो, म्हणजे ते कोणीतरी ठरवून होऊ दिलं. पण ठरवून दाखवलेली जाडी ऐश्वर्याची खूणही असू शकते. त्या नाण्यात खरी तपासता येणारी प्रकृती चेहऱ्याची नाहीच, वजनाची आहे. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने सोन्याचं नाणं हलकं केलं. आता एका रोमन पौंडात ४५ पडू लागली. तराजूवर ठेवा, कळतं. रील्समध्ये हे क्वचितच येतं, कारण त्यात हनुवटी नाही.

आमच्या यवतमाळच्या पश्चिमेला, आता वाशिम जिल्ह्यात, तऱ्हाळा आहे. तिथे १९३९ साली सातवाहनांची दीड हजारावर नाणी निघाली, पोटीन या मिश्रधातूची. त्यांवर राजाचा चेहराच नाही. सोंड वर केलेला हत्ती आणि भोवती नाव. कुंभ, कर्ण आणि शक हे तीन सातकर्णी पुराणांतल्या राजांच्या यादीत सापडत नाहीत. ते होऊन गेले हे आपल्याला कळलं, ते हत्तीभोवतीच्या त्या अक्षरांवरून.