दोन आजारी पालक : केन्झाबुरो ओए यांच्या ‘ए पर्सनल मॅटर’ या कादंबरीचे पुनर्वाचन

प्रस्तावना

आजारी मूल आणि त्याच्या उशाशी रात्रभर जागणारे आईवडील हे चित्र बहुतेक सर्व भाषांतील वाङ्मयात आढळते. या चित्रात पालकाचे शरीर गृहीत धरलेले असते. तो जागरण करू शकतो, वैद्याकडे धावू शकतो, पैसा उभा करू शकतो आणि मुख्य म्हणजे निर्णय घेऊ शकतो, असे लेखकही मानतो आणि वाचकही. प्रत्यक्षात मुलावर संकट कोसळते तेव्हा पालक स्वतः निरोगी असेलच असे नाही. पालकाचे शरीर वा मन आधीच खचलेले असताना त्याच्यावर मुलाच्या जीविताचा निर्णय येऊन पडला, तर त्या निर्णयाचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न साहित्यात क्वचितच उपस्थित झाला आहे.

जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए (१९३५-२०२३) यांची ‘कोजिन्तेकि ना ताइकेन’ ही १९६४ मधील कादंबरी या प्रश्नाच्या फार जवळ जाते. जॉन नेथन यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे (१९६८) ती ‘ए पर्सनल मॅटर’ या नावाने जगभर पोहोचली. ओए यांना १९९४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यानंतर तिचे वाचन अधिक व्यापक झाले. हे वाचन बहुतांशी एकाच दिशेने झाले आहे : एक पळपुटा तरुण अखेर जबाबदार पिता होतो. प्रस्तुत लेखात या प्रचलित वाचनाची फेरतपासणी केली आहे. या कादंबरीत आजारी पालक एक नसून दोन आहेत. त्यांपैकी एकालाच कथा लाभते आणि दुसऱ्याच्या वाट्याला केवळ खाट येते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कादंबरीची पार्श्वभूमी

ओए यांचा पुत्र हिकारी याचा जन्म जून १९६३ मध्ये झाला. जन्मतःच त्याच्या कवटीत दोष होता व डोक्यावर मोठा गोळा होता. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले, परंतु त्याचे बौद्धिक अपंगत्व कायम राहिले. मूल रुग्णालयात असतानाच, ऑगस्ट १९६३ मध्ये, ओए हिरोशिमाला गेले. तेथील रेडक्रॉस रुग्णालयाचे प्रमुख डॉ. फुमिओ शिगेतो हे स्वतः अणुबाँबच्या स्फोटात सापडलेले होते आणि तरीही ते स्फोटग्रस्तांवर उपचार करीत राहिले होते. या भेटींतून ‘हिरोशिमा नोट्स’ (१९६५) हे पुस्तक सिद्ध झाले. स्वतः आघात सोसलेला माणूस दुसऱ्याची शुश्रूषा कशी करतो, हा प्रश्न त्या काळात ओए यांच्यासमोर घरात आणि घराबाहेर एकाच वेळी उभा होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

कादंबरी मात्र आत्मचरित्र नव्हे. तिचा नायक बर्ड हा सत्तावीस वर्षांचा, परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिकवणी वर्गातला शिक्षक आहे. आफ्रिकेला जाण्याचे स्वप्न तो पाहत असतो आणि तेथील नकाशे विकत घेतो. पत्नी प्रसूतिगृहात असताना रुग्णालयातून दूरध्वनी येतो. मेंदूचा हर्निया, म्हणजे कवटीतील छिद्रातून मेंदूचा भाग बाहेर आलेला आहे, असे निदान सांगितले जाते. ते सांगताना प्रसूतिगृहाच्या प्रमुखाला हसू आवरत नाही. मूल बहुधा मरेल, जगले तरी त्याला जाणिवा नसतील, असे बर्डला सुचविले जाते. संगणकीय क्ष-किरण चित्रणाचा वैद्यकातील वापर १९७१ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीच्या काळात गोळ्यात नेमके काय आहे हे खात्रीने सांगणे अवघड होते. पित्याला जो निर्णय घ्यावयाचा होता तो या अनिश्चिततेत घ्यावयाचा होता.

पहिला पालक : व्यसन की स्वभावदोष?

बर्डचा पूर्वेतिहास कादंबरीच्या आरंभीच येतो. विवाहानंतर काही आठवड्यांतच त्याने सलग चार आठवडे व्हिस्की पिण्यात घालविले होते. त्यापायी त्याचे पदव्युत्तर शिक्षण सुटले आणि प्राध्यापक असलेल्या सासऱ्याच्या शब्दावर त्याला शिकवणीतली नोकरी मिळाली. त्या चार आठवड्यांचे कारण त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. ते पुन्हा कधीही उद्भवेल ही भीती मात्र त्याच्या मनात सतत आहे.

प्रचलित समीक्षा या तपशिलाकडे स्वभावदोष म्हणून पाहते. परंतु मद्यासक्ती हा आजार आहे, ही भूमिका अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्येच घेतली होती. महाराष्ट्रात ही दृष्टी रुजविण्याचे मोठे श्रेय अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला जाते. या दृष्टीने पाहिले असता कादंबरीतील एक प्रसंग वेगळाच अर्थ धारण करतो. मुलाच्या व्यंगाची वार्ता घेऊन बर्ड सासऱ्याकडे जातो, तेव्हा जावयाचा इतिहास ठाऊक असूनही सासरा त्याच्या हाती व्हिस्कीची बाटली देतो. या भेटीत सहानुभूती आहे, तसेच क्रौर्यही आहे. बर्ड ती बाटली घेऊन हिमिको या जुन्या मैत्रिणीकडे जातो, दुसऱ्या दिवशी वर्गात विद्यार्थ्यांसमोर ओकतो आणि नोकरी गमावतो. ज्याला आधाराची गरज होती त्याच्या हाती त्याच्या आजाराचे कारणच देण्यात आले. पुढील अधःपाताची जबाबदारी मात्र त्याच्या एकट्यावर टाकली गेली.

याच अवस्थेत रुग्णालय त्याच्याकडून संमती घेते. मुलाला दुधाऐवजी साखरेचे पाणी द्यावे, म्हणजे ते आपोआप क्षीण होईल, या योजनेस बर्ड मूक मान्यता देतो. मूल क्षीण होत नाही. शस्त्रक्रियेची तयारी होते, तेव्हा तो नकार देतो आणि मुलाला रुग्णालयातून काढून एका संशयास्पद डॉक्टरकडे सोपवितो. हे कृत्य समर्थनीय नाही, आणि ओएही त्याचे समर्थन करीत नाहीत. तथापि, संमती देणारा माणूस संमती देण्याच्या स्थितीत आहे काय, हे त्या साखळीतील एकही व्यक्ती विचारीत नाही. त्याच्या सहीपुरताच रुग्णालयाचा त्याच्याशी संबंध आहे.

दुसरा पालक : नाव नसलेली आई

बर्डची पत्नी संपूर्ण कादंबरीत ‘पत्नी’ एवढ्याच नात्याने वावरते. प्रसूतीने थकलेली ती स्त्री रुग्णालयात पडून आहे. तिच्यापासून खरे निदान लपविले जाते. पती आणि तिची स्वतःची आई या लपवाछपवीत सहभागी आहेत. तिची प्रकृती नाजूक आहे, तिला धक्का सोसणार नाही, हे त्यामागील कारण होय. म्हणजे आजार हेच एका पालकाला निर्णयातून वगळण्याचे कारण ठरते, तर दुसऱ्या पालकाचा आजार कोणी विचारातही घेत नाही. मूल दोघांचे असताना खाटेवर असलेली आई अपात्र ठरते आणि मद्याच्या अमलाखालील पिता पात्र ठरतो. या विसंगतीचा उलगडा वैद्यकशास्त्रात सापडत नाही. तो कुटुंबातील अधिकाराच्या वाटणीत सापडतो.

विशेष म्हणजे कादंबरीतील सर्वांत नेमका प्रश्न हीच स्त्री विचारते. दुर्बल माणसाला सर्वाधिक गरज असताना त्याला सोडून जाणाऱ्यांपैकी तू आहेस काय, अशा आशयाचा तिचा प्रश्न आहे. बर्डने तरुणपणी वाऱ्यावर सोडलेल्या किकुहिको या मित्राची आठवण ती काढते आणि मुलाला तेच नाव द्यावे असे सुचविते. तिला निदान ठाऊक नाही, पण पतीचे निदान तिने अचूक केले आहे. पुढे मुलाला खरोखरच ते नाव मिळते आणि बर्ड मित्राच्या मद्यालयात बसलेला असताना त्याच्या मनाचे परिवर्तन होते. अशा प्रकारे कथानकाला वळण देणारे बीज आईच्या उद्गारात आहे. तरीही समीक्षेने बर्डच्या निवडीची चर्चा केली, तिच्या प्रश्नाची फारशी केली नाही.

शेवटाचा वाद

कादंबरीचा शेवट वादग्रस्त ठरला. बर्ड मुलाला परत रुग्णालयात नेतो. शस्त्रक्रियेत तो हर्निया नसून साधी गाठ असल्याचे निष्पन्न होते. आणि सासरा म्हणतो की आता तुला ‘बर्ड’ हे पोरकट टोपणनाव शोभत नाही. युकिओ मिशिमा यांच्यासह अनेकांनी हा शेवट कृतक मानला. हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याचे कारण केवळ आशावाद हे नव्हे. ज्या आजाराची भीती पहिल्या पानांपासून दाखविली, तो आजार शेवटी एका निर्णयाने नाहीसा झाल्यासारखा वाटतो. व्यसन असे जात नाही. ओए यांनी येथे आजाराला पुन्हा स्वभावदोषाच्या पातळीवर आणून ठेवले आहे.

तथापि एक तपशील या शेवटाला तोलून धरतो. शस्त्रक्रियेच्या वेळी बर्डने मुलासाठी वारंवार रक्त दिलेले असते आणि तो पांढराफटक पडलेला असतो. ज्या शरीराने आतापर्यंत मद्य घेतले आणि ओकून टाकले, तेच शरीर आता काही देऊ शकते. येथे पित्याचे परिवर्तन शब्दांपेक्षा शरीरातून अधिक विश्वसनीयपणे व्यक्त होते. आईच्या बाबतीत मात्र असा एकही तपशील नाही. शेवटच्या प्रकरणात मूल तिच्या हातांत आहे. महत्त्वाचा संवाद जावई आणि सासरा यांच्यात घडतो.

याच वर्षीची ‘आगुई’ ही ओए यांची कथा शेजारी ठेवली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्या कथेतील संगीतकार पिता डॉक्टरांच्या संगनमताने आपल्या अर्भकाला साखरेच्या पाण्यावर ठेवून मरू देतो. मृत्यूनंतरच्या तपासणीत ती साधी गाठ असल्याचे कळते. त्यानंतर ते मूल आकाशातून उतरून त्याला दिसू लागते. येथे निर्णय आधी येतो आणि मनाचा आजार नंतर. कादंबरीत आजारी पालक निर्णय घेतो. कथेत निर्णय पालकाला आजारी करतो. दोन्ही रचना एकत्र वाचल्यावर कादंबरीचा सुखान्त हा निश्चित निष्कर्ष न राहता दोन शक्यतांपैकी एक ठरतो.

निष्कर्ष

‘ए पर्सनल मॅटर’चे मोठेपण पित्याच्या नैतिक विजयात शोधण्यापेक्षा, खचलेल्या माणसाकडून समाज कोणत्या प्रकारे निर्णय वसूल करतो याच्या चित्रणात शोधणे अधिक युक्त ठरेल. तिची मर्यादाही तेथेच आहे : दुसऱ्या आजारी पालकाचा आवाज तिला ऐकू आला, पण त्याला तिने जागा दिली नाही. ओए यांच्या पुढील आयुष्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. हिकारी संगीतकार झाला आणि १९९२ मध्ये त्याच्या रचनांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. कुटुंबाविषयी ओए यांनी लिहिलेल्या ‘ए हीलिंग फॅमिली’ (१९९५) या पुस्तकातील चित्रे हिकारीची आई युकारी ओए यांनी काढलेली आहेत. कादंबरीत निनावी राहिलेल्या आईच्या दृष्टीला येथे स्वतःची जागा मिळाली. शुश्रूषेच्या साहित्याचा अभ्यास करताना रुग्णाइतकेच रुग्णाजवळ बसलेल्या माणसाच्या प्रकृतीकडेही समीक्षेने लक्ष दिले पाहिजे, आणि त्या खोलीत दुसरी खाट आहे काय हेही पाहिले पाहिजे.