टिकी मग : साचा, हात आणि देवाचा चेहरा

रमची मिश्र पेये ज्यातून देतात, त्या देवमूर्तीच्या आकाराच्या भाजक्या मातीच्या उंच पेल्याला अमेरिकेत ‘टिकी मग’ म्हणतात. तो घरच्या घरी घडवण्याचा छंद तिथे चांगला रुजला आहे. या मगांवरचे माझ्या वाचनातले बरेचसे लेखन दोन टोकांचे आहे. एकीकडे संग्राहकांचे स्मरणरंजन, दुसरीकडे सांस्कृतिक चोरीचा आरोप. मग घडतो कसा, याकडे दोन्ही बाजू फारसे पाहत नाहीत. माझ्या मते मूल्यमापन तिथूनच सुरू व्हावे.

‘टिकी’ हा पॉलिनेशियातला शब्द. माओरी परंपरेत ते आद्य पुरुषाचे नाव आहे. अमेरिकेत तो रुळला उपाहारगृहांमुळे. 1930च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉन बीच आणि ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉन यांनी दक्षिण सागरी बेटांचा देखावा उभा करून रम विकली. पुढे महायुद्धातून परतलेले सैनिक, थॉर हेयरडालची 1947ची ‘कॉन-टिकी’ सफर आणि 1959 मध्ये हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा यांनी या लाटेला बळ दिले. त्याच सुमारास मूर्तीच्या आकाराचे मग आले. त्यांतले पुष्कळसे ‘ओटागिरी’सारख्या आयातदारांसाठी जपानमध्ये बनत. 1970च्या दशकात ही हौस ओसरली. स्वेन कर्स्टन यांचे ‘द बुक ऑफ टिकी’ 2000 मध्ये आले, त्या काळात ती पुन्हा जागी झाली. हाताने मग घडवणारे कारागीर याच दुसऱ्या लाटेतले.

मग ओतण्याची रीत अशी. मूळ आकृती मातीत कोरून तिचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन-तीन भागांचा साचा घेतात. त्यात पेजेसारखी पातळ माती ओततात. प्लास्टर पाणी शोषते, कडेला मातीचा थर धरतो आणि उरलेली माती ओतून टाकतात. मग सांधे तासणे, पहिली भाजणी, ग्लेझ आणि दुसरी भाजणी. या रीतीची एक अट आहे. आत वळलेली खोल खोबण चालत नाही, कारण तिच्यात साचा अडकतो. शिवाय दर ओतणीला साचा थोडा झिजतो आणि रेषा बोथट होतात.

आता हवाईच्या ‘कू’ या देवाची मूर्ती पाहा. लाकडात खोल कोरलेले, आडव्या आठच्या आकड्यासारखे उघडे तोंड हे तिचे सामर्थ्य. 1819 मध्ये हवाईतली जुनी धर्मव्यवस्था मोडली आणि असंख्य मूर्ती नष्ट झाल्या. या घडणीच्या भव्य मूर्ती आज तीनच उरल्या आहेत : होनोलुलू, लंडन आणि सेलम येथील संग्रहालयांत. मगावर मात्र तेच तोंड उथळ होते आणि उग्रतेचे हसू होते. हा बदल नुसत्या थट्टेच्या वृत्तीतून आलेला नाही, तो साच्याच्या अटीतूनही आला आहे.

हौशी कारागिराला ही सबब उरत नाही. एकच मग हाताने घडवणारा हवी तितकी खोल खोबण कोरू शकतो. ग्लेझ खोलगटात साचून गडद होते आणि उंचवट्यावर विरळ होते, याचा तो जाणून उपयोग करू शकतो. प्रत्येक रेषा त्याने निवडलेली असते, म्हणून तिची जबाबदारीही त्याचीच. कारखान्याच्या मगाची नक्कल हाताने करणे ही कसोशी असेल, निर्मिती नव्हे. मला मोलाचे वाटतात ते दोन प्रकार : मूळ मूर्तीचा अभ्यास करून तिच्या बांधणीशी झटणारे मग आणि कुणाचाही देव न उचलता स्वतःची आकृती कल्पिणारे मग.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. कॅलिफोर्नियातल्या एका बिअरच्या बाटलीवर गणपती आला, तेव्हा तिथल्या हिंदूंनी हरकत घेतली होती. ती हरकत ज्याला रास्त वाटते, त्याने ‘कू’च्या तोंडातून रम पिताना निदान त्याचे नाव तरी विचारावे. हाताने मग घडवणाऱ्याकडून तर मी याहून अधिक अपेक्षा करीन : त्या चेहऱ्याला हात घालण्याआधी त्याने तो नीट पाहिलेला असावा.